नागपूरकडून घाटाकडे

नागपूर आणि मुंबई यांना जोडणाऱ्या मार्गांपुढचा खरा अडसर सह्याद्रीतील कसारा घाट, म्हणजे इंग्रजी अमलातील कागदपत्रांमधला थळ घाट, हाच होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबई बंदरापासून आत सरकत असल्याने तिला हा घाट आधी जिंकावा लागला. १८६५ मध्ये गाडी इगतपुरीला पोहोचली आणि १८६७ मध्ये नागपूरला. साधारण ३७ फूट अंतरामागे एक फूट चढ असल्यामुळे गाडीला जादा इंजिने जोडावी लागत, आणि वळण घेण्यास जागा नसलेल्या एका ठिकाणी इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट दिशेने वर काढली जाई.

रस्त्यांच्या बाबतीत नागपूरचे नाव निराळ्या कारणाने नोंदले गेले. १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांच्या येथील परिषदेत राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी ठरली. तीच ‘नागपूर योजना’. गंमत अशी की, नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग त्या अर्थाने राष्ट्रीय नाही. तो महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला.

२०१५ मध्ये घोषित झालेल्या या मार्गासाठी आधी भूसंचयाची, म्हणजे शेतकऱ्याने जमीन देऊन विकसित भूखंडात वाटा घेण्याची, कल्पना मांडली गेली. विरोध झाल्यावर भर थेट खरेदीवर आला.

रेल्वेचा क्रम येथे उलटला. नागपूरच्या टोकाकडील शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर ११ डिसेंबर २०२२ रोजी खुले झाले, त्यानंतर २६ मे २०२३ रोजी भरवीरपर्यंतचे ८० आणि ४ मार्च २०२४ रोजी इगतपुरीपर्यंतचे २५ किलोमीटर. पठारावरचे काम मुख्यतः भराव, खोदाई व पुलांचे, तर इगतपुरीपुढे कातळ फोडून बोगदे काढायचे आणि दऱ्यांवर उंच खांबांचे पूल उभारायचे. त्यातच कोकणाकडून चढणारा पाऊस वर्षातले काही महिने काम रोखून धरणारा. घाट मागे राहणे हा दिरंगाईपेक्षा भूगोलाचा परिणाम अधिक होता. त्याची किंमतही जबर होती: ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरळांबे येथे पुलाची तुळई बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० जण दगावले.

अखेरचे ७६ किलोमीटर ५ जून २०२५ रोजी खुले झाले. त्यातील इगतपुरी-कसारा दरम्यानचा सुमारे आठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा, म्हणजे जाण्या-येण्यासाठी डोंगरातून काढलेल्या दोन समांतर नळ्या, जुन्या घाटरस्त्याची नागमोडी चढउतार टाळतो. हा मार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो. मुंबईसाठी तेथून पुढे नाशिकचा जुना महामार्गच धरावा लागतो.