पुढच्या वर्षी बघू! (हरलेल्या टीमच्या चाहत्यांचा इतिहास)

आजचा भाग हरण्यावर आहे. खेळाडूंच्या नाही, चाहत्यांच्या हरण्यावर.

सीझनची शेवटची मॅच आहे. जिंकलो तर फायनल, हरलो तर घरी. आणि आपण हरतो. शिट्टी वाजते, समोरचा स्टँड नाचायला लागतो आणि आपल्याकडं कुणीतरी झेंडा गुंडाळता गुंडाळता म्हणतं, "जाऊ दे भावा, पुढच्या वर्षी बघू." हे आपण इतकं सहज बोलतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पुढचं वर्ष असणार आहे, आपली टीम असणार आहे. आज दोन शहरांची गोष्ट सांगतो, पुणे आणि कोल्हापूर. एका शहरात चाहत्यांचं पुढचं वर्षच गेलं. दुसऱ्यात ते शंभर टक्के असतं, पण चाहते स्वतःच त्याच्यावर दगड मारतात.

आधी पुणे.

आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून एफसी पुणे सिटी त्यात होती. होम ग्राउंड बालेवाडी. चाहत्यांच्या ग्रुपचं नाव ऑरेंज आर्मी. पहिले तीन सीझन टीम प्लेऑफपर्यंत पोचलीच नाही. चौथ्या सीझनला, म्हणजे २०१७-१८ ला, जमलं. मार्सेलिनो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी आठवत असेल बऱ्याच जणांना. टीम चौथी आली आणि पहिल्यांदा सेमीफायनलला गेली. समोर बेंगळुरू एफसी.

७ मार्च २०१८, बालेवाडीत पहिला लेग. ०-०. म्हणजे सगळं दुसऱ्या लेगवर. ११ मार्चला रविवारी बेंगळुरूत मॅच झाली आणि सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन गोल मारले. पुण्याकडून जोनातन लुकानं शेवटी शेवटी एक फेडला. ३-१. सीझन संपला.

आता चाहता अशा वेळी काय करतो? पहिले दोन दिवस रेफ्रीला शिव्या. मग कोचला. मग "तो चान्स आत गेला असता तर" हा हिशोब, जो वर्षभर चालतो. आणि मग हळूच अभिमान यायला लागतो, की पहिल्यांदाच गेलो होतो रे सेमीला. गंमत म्हणजे आठवडाभरात बेंगळुरूवालेही तिथंच आले. १७ मार्चला घरच्या मैदानावर फायनल, चेन्नईयनकडून ३-२ हार. लीगमध्ये जिंकून संपवणारी एकच टीम असते. बाकी सगळ्यांचे चाहते दर वर्षी रडूनच घरी जातात. म्हणजे चाहता असणं हे जास्त करून हरण्याचंच काम आहे, आणि ते "पुढच्या वर्षी बघू" यावरच चालतं.

पुण्याला पुढचं वर्ष मिळालं, एकच. २०१८-१९ ला टीम सातवी आली. मालक पैशाच्या अडचणीत आले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी ही नवी टीम लीगमध्ये आली. तीन सीझनमध्ये, मार्च २०२२ ला, हैदराबादनं आयएसएल जिंकलीसुद्धा. ऑरेंज आर्मीतल्या माणसानं ती फायनल कुणाच्या बाजूनं बघायची, सांगा बघू.

आणि पुण्यात हे पहिल्यांदा झालं असं नाही. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाली, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरी आली आणि २०१५ नंतर आय-लीगमधून बाहेर. भारत एफसी आय-लीगचा एकच सीझन खेळली, २०१४-१५. डीएसके शिवाजियन्स दोन सीझन खेळली आणि २०१७ ला बाहेर. म्हणजे पाच वर्षांच्या आत एका शहरातून देशाच्या वरच्या लीगमधल्या चार टीम गेल्या. मुंबईत तर महिंद्रा युनायटेड, जी २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेली टीम, २०१० मध्ये बंद झाली. यातली एकही टीम चाहते कमी पडले म्हणून मैदानावर हरून संपली नाही. निर्णय ऑफिसात झाला, चाहत्याला बातमी मिळाली.

मराठीत एक जुनं बोलणं आहे, "विश्वास तर पानिपतातच गेला." १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव पेशवे पडले, त्यावरचा हा शब्दखेळ. अडीचशे वर्षं झाली तरी मोठी हार झाली की आपण "पानिपत झालं" म्हणतो. पण पानिपतानंतर दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांची फौज दिल्लीत होती. हार पचते, उभं राहायला माणसं आणि जागा शिल्लक राहिली तर. पुण्याच्या फुटबॉल चाहत्यांकडं जागाच राहिली नाही.

आता कोल्हापूर.

मी शाहूवाडी तालुक्यातला. आमच्याकडं कबड्डी, कुस्ती आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापुरात गेलं की मात्र वेगळीच दुनिया. तिथं पोरगं कुठल्या टीमचं हे त्याच्या पत्त्यावरून ठरतं. कारण टीम क्लबच्या नाहीत, तालमीच्या आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. नावं बघा, ही कुस्तीच्या आखाड्यांची नावं आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, आणि पेठेपेठेतल्या तालमी हे पोरांचं दुसरं घर झालं. पुढं त्याच तालमींनी फुटबॉल उचलला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, १९४० ची. आज शाहू स्टेडियमवर लीग होते, मग चषकांच्या नॉकआउट स्पर्धा, आणि पाटाकडील-दिलबहार असेल तर स्टेडियमच्या भिंतीवरसुद्धा माणसं.

इथं मालक नाही. टीम विकता येत नाही. पाटाकडीलला उचलून हैदराबादला कसं नेणार? पेठ कशी नेणार? टीम वर्गणीवर, देणगीवर, स्पॉन्सरवर चालते. पैसा कमी असेल त्या वर्षी बाहेरचे खेळाडू कमी, गल्लीतली पोरं जास्त, पण टीम उतरणारच. पुण्याला जे मिळालं नाही ते कोल्हापूरच्या चाहत्याला जन्मतःच मिळतं. फायनल हरल्यावर तो "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो तेव्हा ते खरंच असतं.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम हा की हार इथं फार जवळची असते. पुण्याचा चाहता हरला तर छेत्री बेंगळुरूत असतो. कोल्हापूरचा चाहता हरला तर जिंकलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच मिसळीच्या गाडीवर शेजारी उभा असतो. आणि ज्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला तो चार घरं सोडून राहतो. त्याला सकाळी दूध आणायला त्याच गल्लीतून जायचं असतं.

याबाबतीत जगातलं सगळ्यात वाईट उदाहरण ब्राझीलचं आहे. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, वर्ल्ड कपची शेवटची मॅच. ब्राझीलला ड्रॉ पुरेसा होता. उरुग्वेनं २-१ नं हरवलं. अधिकृत आकड्यानुसार १,७३,८५० लोक तिकीट काढून आले होते आणि सगळं स्टेडियम गप्प झालं. दोष आला गोलकीपर मोआसिर बार्बोसावर. तो २००० साली वारला, म्हणजे पन्नास वर्षं एका गोलचं ओझं घेऊन जगला. त्या दिवशीची पांढरी जर्सीसुद्धा ब्राझीलनं टाकून दिली. आज आपल्या पेठांत वर्ल्ड कपला जी पिवळी जर्सी घालून पोरं नाचतात ना, ती त्या हारेनंतर आलेली आहे. जर्सी बदलली हे चांगलंच झालं. बार्बोसाला मात्र कुणी सोडलं नाही.

आपल्याकडं राग माणसावर निघतो, आणि मैदानावरही. पाण्याच्या बाटल्या, चपला, दगड. समोरच्या तालमीच्या नावानं शिव्या. मॅच संपली की रस्त्यावर हाणामारी. पेपरात याला एक ठरलेला शब्द आहे, हुल्लडबाजी. त्यामुळं सामने थांबवावे लागलेत, पोलिस बंदोबस्त वाढलाय, पोरांवर गुन्हे दाखल झालेत. वीस वर्षांच्या पोरावर केस पडली की त्याच्या नोकरीचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. आणि मॅचला पोरीबाळी, घरची माणसं यायची म्हटलं की घरचे नको म्हणतात. ही हार स्कोअरबोर्डवर दिसत नाही.

"पण हाच तर नाद आहे, राग नसला तर प्रेम कसलं?" असं मला बरेच मित्र सांगतात. त्यांचं अर्धं बरोबर आहे. हरल्यावर ज्याला काहीच वाटत नाही तो चाहता नव्हे, प्रेक्षक. पण राग आणि दगड यांच्यात फरक आहे. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप आठवा. यजमान भारत, टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तिन्ही मॅच हरलो. तरी दिल्लीत प्रत्येक मॅचला चाळीस हजारांवर लोक होते. म्हणजे हरणाऱ्या पोरांना बघायला लोक परत आले. जॅकसन सिंगनं कोलंबियाविरुद्ध मारलेला गोल, वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, हा हरलेल्या मॅचमधलाच आहे. तो सगळ्यांना आठवतो.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? जुलै २०२५ मध्ये आयएसएल चालवणाऱ्या कंपनीनं क्लबना कळवलं की पुढचा सीझन तूर्त थांबवतोय, कारण महासंघाबरोबरचा करार डिसेंबरमध्ये संपतोय. मोहन बागानपासून केरळा ब्लास्टर्सपर्यंत सगळ्यांचे चाहते एका फटक्यात पुण्याच्या चाहत्यांच्या रांगेत आले. देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगला पुढच्या वर्षाची खात्री देता आली नाही. ती खात्री कोल्हापूरच्या तालमींकडं ऐंशी वर्षांहून जास्त काळ आहे, आणि ती कुठल्या करारात लिहिलेली नाही. ती स्टँडमधल्या माणसांच्या हातात आहे.

तेव्हा या सीझनला तुमची तालीम हरली तर शिव्या घाला, रडा, आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर तोंड दाखवू नका. बाटली मात्र खालीच ठेवा. आणि ज्याच्या हातून गोल सुटला तो गल्लीत दिसला तर त्याला एक चहा पाजा. पुढच्या वर्षी गोलमध्ये त्यालाच उभं राहायचंय.

तुमच्या पेठेची, गावाची हरलेली फायनल कुठली, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटू.