अर्धं तिकीट, पाव तिकीट आणि सैनिकाची जखम

एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते. तिथे आमदार बसलेले पाहिलेत कधी? असो. आज पॅरिसला जाऊ. तिथल्या मेट्रोत कित्येक दशकं राखीव जागांची पाटी असायची आणि यादीत पहिला नंबर होता युद्धात जायबंदी झालेल्यांचा. गरोदर बायका त्यांच्यानंतर!

याचं मूळ पहिल्या महायुद्धात. फ्रान्सचे सुमारे 14 लाख सैनिक मेले. लाखो जण हात, पाय, डोळे गमावून घरी आले. 31 मार्च 1919 च्या कायद्याने त्यांची पेन्शन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे असं ठरलं. पाठोपाठ 1921 मध्ये रेल्वेभाड्यातली सवलतही कायद्यात आली.

पण सवलत किती? तर अपंगत्व टक्क्यांत मोजायचं. 25 ते 45 टक्के असेल तर अर्धं तिकीट. 50 किंवा त्याहून जास्त असेल तर पाव. कार्डावर पट्टी असते, निळी म्हणजे अर्धं, लाल म्हणजे पाव. म्हणजे बघा, तिकीट खिडकीत कार्ड सरकवलं की आतल्या माणसाला तुमचं शरीर साधारण किती गेलंय ते कळणार! मला हे क्रूर वाटतं. तरी कुणापुढे हात पसरण्यापेक्षा कार्ड दाखवणं बरंच.

20 टक्केवाल्याला मात्र पूर्ण भाडं. आणि हातपाय शाबूत, पण तोफांच्या आवाजाने झोप कायमची उडालेली, अशा माणसाचा टक्का कसा काढायचा? त्यावर डॉक्टर आणि सैनिक भांडत राहिले.