अठ्ठावीस बाजूंचं गाव

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' 1981 साली आलं आणि घराघरांत पोचलं. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, भुईमुगाचं सोनं करणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपला झाला. पण टस्कीगी म्हणजे नुसती कार्व्हरची शाळा नव्हे. ते अमेरिकेतलं एक लहानसं शहर आहे. त्याला महापौर आहे, नगर परिषद आहे आणि हद्द आहे. मला बोलायचंय ते त्या हद्दीबद्दल. कारण ज्या शाळेत कार्व्हर 1896 पासून 1943 ला मरेपर्यंत राबला, ती शाळा 1957 साली कागदावरच्या एका रेघेनं गावाबाहेर काढली गेली. गावाबाहेर म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आधी जमीन बघू. अलाबामा राज्य, मेकन काउंटी. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखी चीज, आणि टस्कीगी हे तिचं ठाणं. राजधानी मॉन्टगोमेरी पश्चिमेला 40 मैलांवर. इथून एक पट्टा जातो, त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. नाव पडलं काळ्या कसदार मातीवरून. पुढं त्या मातीत कापूस वेचणारी माणसं पण काळीच, म्हणून तेच नाव त्यांनाही चिकटलं. टस्कीगी या पट्ट्याच्या काठावर. कापसानं जमीन इतकी पिळून काढली की शेवटी 1930 च्या दशकात सरकारनं झिजलेली रानं विकत घेऊन तिथं झाडं लावली. आज तिथं सुमारे 11,000 एकरांचं सरकारी जंगल आहे. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो. कापूस माणसाचं काय करतो ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. जमिनीचं काय करतो, ते मात्र इथं वाचलं.

या गावावर पहिली रेघ 1832 साली ओढली गेली. तो मुलूख मस्कोगी लोकांचा, ज्यांना गोरे क्रीक म्हणत. त्यांच्याकडून तहावर सह्या घेतल्या आणि त्याच वर्षी मेकन काउंटी आखली. 1833 साली थॉमस वुडवर्ड नावाच्या जनरलनं गाव वसवलं. 1836 साली सैन्य लावून मस्कोगींना मिसिसिपी नदीच्या पलीकडं हाकललं. त्यांच्या एका वस्तीचं नाव होतं तास्किगी. माणसं घालवली आणि नाव ठेवून घेतलं. मग कापूसवाले आले, सोबत गुलाम आले. 1843 साली शहराची रीतसर स्थापना झाली.

गुलामी 1865 साली संपली. 1870 साली पंधरावी घटनादुरुस्ती झाली. वर्णावरून कुणाचं मत काढून घेता येणार नाही, असं कायद्यात आलं. इथून गोष्ट रंगायला लागते, कारण टस्कीगीची ती जगप्रसिद्ध शाळा दानातून उगवलेली नाही, मतातून उगवली आहे. लुईस ॲडम्स नावाचा एक कारागीर होता. जन्मानं गुलाम. पत्र्याचं काम, जोडे, खोगीर सगळं जाणणारा. त्याच्या शब्दाला काळ्या मतदारांत वजन. राज्याच्या सिनेटला उभा असलेला फॉस्टर नावाचा गोरा त्याच्याकडं मतं मागायला आला. ॲडम्सनं पैसा नाही मागितला. म्हणाला, आमच्या लोकांसाठी शाळा काढून द्या. फॉस्टर निवडून आला, सरकारनं वर्षाला 2,000 डॉलर मंजूर केले, आणि 4 जुलै 1881 ला शाळा सुरू झाली. चालवायला आला पंचविशीतला बुकर टी. वॉशिंग्टन.

बुकरनं विटा भाजल्या, इमारती उभ्या केल्या, हजारो पोरं शिकवली. त्याचं कर्तृत्व नाकारणारा मी कोण? पण 1895 साली अटलांटाच्या भाषणात त्यानं जो सौदा मांडला तो तपासायला हवा. हात काळे करा, हुन्नर शिका, राजकारणाच्या हक्कासाठी घाई करू नका, लायकी दिसली की गोरे आपोआप मान देतील. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि सहाच वर्षांनी, 1901 साली, अलाबामानं नवी राज्यघटना करून मतदारावर साक्षरतेची, मालमत्तेची, मतपट्टीची अट घातली. राज्यात मतदानाच्या वयाचे काळे पुरुष होते 1,81,000 च्या वर. 1903 साली नोंद राहिली जेमतेम 3,000 जणांची. ज्या मतानं शाळा मिळाली ते मतच गेलं. शाळा तेवढी उरली.

आता या शाळेच्या लायकीची परीक्षा कशी झाली ते ऐका. 1950 च्या सुमारास टस्कीगीत काळे प्राध्यापक होते, डॉक्टरेट झालेले. 1923 साली निघालेल्या सरकारी सैनिक रुग्णालयात काळे डॉक्टर होते. महायुद्धात विमानं उडवणारे काळे वैमानिक इथंच तयार झाले होते. आणि ही माणसं मतदार नोंदणीच्या साक्षरता परीक्षेत नापास व्हायची! कसं? नोंदणी मंडळ महिन्यातले मोजके दिवस बसायचं. काळ्यांना वेगळ्या खोलीत घ्यायचे, घटनेची लांबलचक कलमं हातानं उतरवून काढायला लावायचे, बाहेर रांग ताटकळत ठेवायचे. गोरा आला की त्याचा फॉर्म कारकूनच भरून द्यायचा. काळ्यानं ओळखीला मतदार आणायचा, तोही मंडळाला पसंत पडेल असाच. आणि फारच काळे यायला लागले की मंडळाचे सभासद राजीनामा देऊन मोकळे. मंडळच नाही तर नोंदणी कुठली? समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन 1934 पासून खेपा घालत होते. नाव लागलं 1939 साली.

गोमिलियन चिवट माणूस. 1941 साली त्यांनी टस्कीगी सिव्हिक असोसिएशन उभी केली. सभा, अर्ज, दावे. एकेक नाव करत 1957 पर्यंत शहरात काळे मतदार झाले सुमारे 400, गोरे होते 600. लोकसंख्येचा हिशेब मात्र उलटा. काळे 5,397 आणि गोरे 1,310. म्हणजे आणखी 200 नावं लागली की महापौर काळ्यांच्या हातात.

तेव्हा सॅम एंगलहार्ट पुढं आला. राज्याच्या सिनेटमधला सभासद, मोठा जमीनदार, गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिलचा पुढारी. त्यानं 1957 साली 140 नंबरचा कायदा आणला. टस्कीगीची हद्द तोवर सरळ चौकोन होती. नव्या कायद्यानं ती अठ्ठावीस बाजूंची केली. एखाद्या चिकट पोरानं फाडलेल्या कागदासारखा नकाशा! रेघ काळ्यांच्या घरांना टाळत, वळत, वाकत गेली. एकही गोरा बाहेर पडला नाही. चारशेतले चार-पाच काळे मतदार सोडून बाकी सगळे बाहेर. शाळाही बाहेर. कुणाचं घर हललं नाही, कुणाला कुणी हात लावला नाही. रात्री गावात निजलेला माणूस सकाळी गावाबाहेर उठला. कायद्यात काळा-गोरा हा शब्दसुद्धा नव्हता. नुसती मोजमापं, दिशा आणि कोन. आणि इतक्यावर समाधान नाही म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात मेकन काउंटीच मोडून शेजाऱ्यांत वाटून टाकायची मुभा देणारी घटनादुरुस्ती राज्यभर मताला टाकली, आणि ती पासही झाली.

उत्तर काय दिलं? 25 जून 1957 ला चर्चमध्ये सभा भरली. हजारो माणसं, आत मावेनात. ठरलं ते एवढंच, की जे आपले मित्र त्यांच्याकडंच खरेदी करायची. बहिष्कार हा शब्द जपून टाळला, कारण राज्यात बहिष्काराविरुद्ध कायदा होता. चौकातली गोऱ्यांची दुकानं ओस पडली, कित्येकांना टाळं लागलं. राज्याच्या ॲटर्नी जनरलनं असोसिएशनच्या कचेरीवर छापे घातले, कोर्टात खेचलं. 1958 साली कोर्टाला म्हणावं लागलं की माणसानं मीठ-साबण कुणाकडून घ्यावं हा त्याचा प्रश्न. आम्हाला गावाबाहेर काढता, मग आमचा पैसा तरी गावात कशाला हवा, इतका साधा हिशेब होता तो.

दुसरीकडं दावा. गोमिलियन आणि अकरा जण वादी, महापौर लाइटफूट प्रतिवादी. वकील फ्रेड ग्रे. वय तिशीच्या आत. मॉन्टगोमेरीच्या बस आंदोलनातला रोझा पार्क्सचा वकीलही तोच, आणि रोझा पार्क्सचा जन्मही 1913 साली टस्कीगीतलाच. खालच्या कोर्टानं दावा फेटाळला. हद्द आखणं हा विधिमंडळाचा अधिकार, म्हणे. अपिलातही हार. मग सर्वोच्च न्यायालय. ग्रेनं मोठा नकाशा टांगला. तो आठवण सांगतो की न्यायमूर्ती फ्रँकफर्टरनी विचारलं, यात टस्कीगीची शाळा कुठं आहे? ग्रे म्हणाला, ती हद्दीच्या बाहेर आहे. हा फ्रँकफर्टर तोच, ज्यानं 1946 साली मतदारसंघाच्या आखणीत कोर्टानं पडू नये असं लिहिलं होतं. पण अठ्ठावीस बाजू बघून त्यालाही गप्प बसवेना. 14 नोव्हेंबर 1960 ला निकाल लागला, नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका बाजूला. हद्द आखायचा अधिकार राज्याचा खरा, पण पंधराव्या घटनादुरुस्तीनं दिलेलं मत चोरायला तो वापरता येणार नाही. बुकर टी. वॉशिंग्टन वारला तो दिवस 14 नोव्हेंबर 1915. बरोबर पंचेचाळीस वर्षं.

1961 साली जुनी चौकोनी हद्द परत आली आणि नोंदणी मंडळालाही कोर्टानं वेसण घातली. 1964 साली दोन काळे नगर परिषदेवर निवडून गेले. 1966 साली ल्युशियस अमरसन शेरीफ झाला, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख. 1970 साली फ्रेड ग्रे स्वतः त्या विधिमंडळात जाऊन बसला, जिथं ती रेघ आखली गेली होती. 1972 साली जॉनी फोर्ड टस्कीगीचा पहिला काळा महापौर झाला.

हे फुकट नाही मिळालं. 3 जानेवारी 1966 ला सॅम्युएल यंग हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी, नौदलातून परतलेला, पेट्रोलपंपावर गोऱ्यांच्या संडासाच्या वादात गोळी खाऊन मेला. मारणारा सुटला. त्या डिसेंबरात पोरं चौकात गेली आणि तिथल्या पुतळ्याला काळा रंग फासला. तो पुतळा गुलामी टिकवायला लढलेल्या सैनिकाचा, 1909 सालचा. चौकाची जागा काउंटीनं 1906 साली गोऱ्या बायकांच्या संघटनेला गोऱ्यांच्या बागेसाठी देऊन टाकलेली. ती परत मिळावी म्हणून काउंटीला 2021 साली दावा लावावा लागला. वकील कोण? नव्वदीतला फ्रेड ग्रे.

आणि 1972 सालच्या जुलैत आणखी एक गोष्ट उघडी पडली. याच काउंटीत 1932 पासून सरकारी आरोग्य खातं 600 काळ्या माणसांवर प्रयोग करत होतं. त्यातल्या 399 जणांना उपदंश होता. पेनिसिलीन आलं तरी दिलं नाही, रोग कसा वाढतो ते नुसतं बघत बसले. चाळीस वर्षं. ज्याला मत नाही त्याच्या अंगावर काहीही करता येतं, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

मेकनपासून पश्चिमेला एक काउंटी सोडली की लाउंड्स काउंटी. तिथल्या काळ्यांनी 1966 साली स्वतःचा पक्ष काढून निवडणूक लढवली. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा, म्हणून यांनी घेतला काळा पँथर. तीच निशाणी पुढं ऑकलंडच्या ब्लॅक पँथरांनी उचलली, आणि 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण पँथर म्हटलं की मूठ आणि डरकाळी आठवतो. पण पँथर मुळात मतपत्रिकेवरचं चिन्ह होता. काउंटीचा शेरीफ कोण आणि कर कोण आकारणार, यासाठी छापलेलं चिन्ह.

टस्कीगी जिंकली म्हणून सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. 1963 साली शाळेत तेरा काळी पोरं घेतली तर गोऱ्यांनी आपली पोरं काढून स्वतंत्र शाळा थाटली. मग हळूहळू गोरे गावच सोडून गेले, पैसा त्यांच्याबरोबर गेला. 1980 साली शहरात 13,327 माणसं होती, 2020 साली 9,395. सत्ता हातात आली तेव्हा तिजोरीत खडखडाट. आणि रेघेची लढाई चालूच. अलाबामाचा लोकसभेचा नकाशाही काळ्यांची मतं मोडतो, असं सर्वोच्च न्यायालयाला 2023 साली पुन्हा सांगावं लागलं.

बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा बुकर टी. वॉशिंग्टन हयात होता. दोघांनीही शिका म्हणून सांगितलं. पण बाबासाहेब 'शिका'वर थांबले नाहीत, त्यापुढं संघटना आणि संघर्ष ठेवला, याचं मोल टस्कीगी वाचताना कळतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षं एक अख्खं गाव शिकलं, डॉक्टर झालं, शास्त्रज्ञ झालं, आणि एका जमीनदाराच्या पट्टी-पेन्सिलीनं गावाबाहेर गेलं. परत आलं ते पदवीच्या जोरावर नव्हे. चौकातली खरेदी थांबवली आणि बारा जणांनी स्वतःच्या नावानं दावा लावला, म्हणून आलं.

तेव्हा दोस्तहो, आपल्या नगरपालिकेची प्रभागरचना जाहीर होते, प्रारूप नकाशा कचेरीत लागतो, हरकती-सूचनांची मुदत असते, त्या दिवसांत तिथं जा. आपल्या वस्तीभोवतीची रेघ बोटानं गिरवून बघा. नाल्यापाशी वळली का, बुद्धविहाराच्या मागून कापत गेली का, अर्धी गल्ली इकडं अर्धी तिकडं का. तिथं जात लिहिलेली नसेल, नुसत्या दिशा असतील. वाकडी दिसली तर हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि एकट्यानं नको, बाराजण मिळून द्या.