तांड्याचा नाईक
मालवाहू बैलांच्या तांड्याचा प्रमुख. रेल्वेपूर्व भारतात धान्य, मीठ, साखर, कापूस इ. अवजड माल खुष्कीच्या मार्गाने दूरवर नेण्याचे काम मुख्यत्वे बंजारा किंवा लमाण यांच्या तांड्यांकडे असे. भांडवलाची उभारणी, मालाची खरेदी, मार्गाची निवड, बैलांची निगा, जकातीची घासाघीस आणि तांड्यातील तंट्यांचा निवाडा ही कामे नाईकाच्या शिरावर असत. कारभारी हा त्याचा साहाय्यक. नाईकपद बहुधा वंशपरंपरागत असे; तथापि बैल अंगावर बसू लागले, म्हणजे केवळ वंशाच्या आधारावर तांडा हाती राहत नसे.

या पदातील जोखीम किती वैयक्तिक होती, याचा एक जुना दाखला अलाउद्दीन खल्‌जीच्या कारकीर्दीत (१२९६–१३१६) सापडतो. दिल्लीतील धान्याचे भाव बांधून दिल्यावर पुरवठा खंडित होऊ नये म्हणून सुलतानाने मंडईचा अधिकारी मलिक कबूल याच्या हाती धान्यवाहकांचे प्रमुख सोपविले. त्यांनी परस्परांस जामीन राहण्याचे कबूल करून बायकामुले व जनावरे यांसह यमुनाकाठच्या गावांत वस्ती करीपर्यंत त्यांना बेड्यांत ठेवण्यात आले, असे इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. त्याने ‘कारवानी’ म्हटलेले हे लोक म्हणजे बंजाऱ्यांचे पूर्वज होत, असे अनेक अभ्यासक मानतात. राज्यकर्त्यांना नाईकाची गरज किती व त्याच्यावरील विश्वास किती, हे या एकाच व्यवस्थेवरून दिसून येते.

पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास १६३२ मध्ये १४,००० बैलांचा धान्याचा तांडा वाटेत भेटला. असा तांडा दिवसाकाठी जेमतेम १० किमी. चाले. ही संथ गती दुबळेपणाची नव्हे, हिशेबाची होती. बैल वाटेतल्या कुरणांवर चरत जात, त्यामुळे वैरणीचा खर्च जवळजवळ नसे. घाई केली, की चरणे घटे आणि बैल खंगत. म्हणून नाईकाला वाट ठरविताना अंतरापेक्षा पाणी व चारा यांचा विचार आधी करावा लागे. पुढे गेलेल्या तांड्याने कुरण चारून टाकले असेल, तर मागच्याला दुसरी वाट शोधणे प्राप्त होई. मुक्कामावर गोण्या उतरवून त्यांची थप्पी तटासारखी रचीत आणि रात्री कुत्रे राखणीस असत. परतीचा माल मिळविणे हीदेखील नाईकाचीच चिंता. कोकणातील मीठ घाटावर चढवायचे, तर उतरताना पाठी रिकाम्या राहून चालत नसे. वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत अवकाळी पाऊस गाठला, तर भिजून जड झालेला कापूस पाठीवर आणि काळ्या जमिनीचा चिखल पायाखाली, अशा कोंडीत बैल सापडत. माल टाकावा की बैल गमवावेत, याचा निर्णय तिथल्या तिथे नाईकालाच करावा लागे.

लष्करी मोहिमांत नाईकाचे महत्त्व विशेष होते. सैन्ये त्याला आगाऊ रक्कम, जकातमाफी व संरक्षण देत. दोन्ही पक्षांनी बंजाऱ्यांना इजा करू नये, असा सर्वसाधारण संकेत असे, परंतु तो नेहमीच पाळला जाई असे नाही. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणवर चालून गेलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याची रसद संपली, ओढीचे बैल मेले आणि वेढ्याच्या तोफा निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा जवळ येऊन ठेपल्या आहेत, हेही त्याला ठाऊक नव्हते. टिपूच्या स्वारांनी पत्रव्यवहार तोडला होता. त्या फौजांची गाठ पडताच त्यांच्या बाजारात इंग्रजांना धान्य मिळाले, अर्थात चढ्या भावाने. त्यानंतर अलेक्झांडर रीड या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांना कंपनीच्या रसदेसाठी बांधून घेतले आणि फेब्रुवारी १७९२ मधील वेढा उपासमारीविना पार पडला. युद्धवर्णनांत सेनापतींची नावे येतात. धान्य आणणाऱ्या नाईकांची क्वचितच.

पक्क्या सडकांवर बैलगाड्या धावू लागल्या, तेव्हाच या व्यवसायाला ओहोटी लागली होती. भोर घाटातून १८६३ मध्ये आणि नागपूरपर्यंत १८६७ मध्ये रेल्वे पोहोचल्यावर लांब पल्ल्याची वाहतूक तांड्यांच्या हातून गेली. बंजाऱ्यांपैकी काहींनी शेती, काहींनी गुरांचा व्यापार व मजुरी पतकरली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या व त्याच्या सुधारित आवृत्त्यांच्या कक्षेत अनेक प्रांतांतील बंजारा गट आणले गेले. पूर्वी ज्यांच्या फिरतीवर सैन्ये पोसली गेली, त्यांची फिरती आता पोलिसांच्या नोंदवहीचा विषय झाली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजाऱ्यांचा समावेश विमुक्त जातींत होतो. यवतमाळ, वाशिम, नांदेड इ. जिल्ह्यांतील त्यांच्या वस्तीला आजही तांडा आणि प्रमुखाला नाईक म्हणतात. मात्र हा तांडा आता एका जागी वसलेला असतो.