रोहित्राचा पहारेकरी

गावच्या वेशीवर पहारेकरी नेमला म्हणजे गाव निश्चिंत झोपतो. पण रात्री उशिरा परतणाऱ्या गावकऱ्यावरच त्याने काठी उगारली, तर असा पहारा काय कामाचा? विजेच्या रोहित्राचे, म्हणजे रोजच्या बोलीतल्या ट्रान्सफॉर्मरचे, रक्षण करणाऱ्या रिलेचा इतिहास आम्हांस याच प्रश्नाचा इतिहास वाटतो.

१९०४ साली इंग्लंडातील चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस या अभियंत्यांनी एका साध्या युक्तीचे पेटंट घेतले. आत जाणारा प्रवाह आणि बाहेर पडणारा प्रवाह यांचा जमाखर्च मांडावा. वेढ्यांचे प्रमाण लक्षात घेऊन तो जुळला तर सर्व क्षेम, तफावत पडली तर आत दोष आहे असे समजून वीज तोडावी. पुढे १९२१ मध्ये जर्मनीत माक्स बुखोल्त्स यांनी निराळी खूण हेरली. रोहित्राच्या आत दोष उद्भवला की तेलाचे विघटन होऊन वायूचे बुडबुडे वर चढतात; तो वायू साठला की त्यांच्या उपकरणातला तरंगक खाली येऊन इशारा देतो.

तथापि जमाखर्चाच्या युक्तीत एक वैगुण्य होते. रोहित्र चालू करण्याच्या क्षणी त्याचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त होऊ शकतो आणि नेहमीच्या पूर्ण भाराच्या कित्येक पट प्रवाह आत धावतो. दुसऱ्या बाजूने मात्र तो बाहेर पडत नाही. फ्लेमिंग यांनी ही गोष्ट १८९२ मध्येच नोंदली होती. रिलेच्या हिशेबी हा चोरच! म्हणून त्याला क्षणभर थोपवून धरीत. पण नेमका त्याच क्षणी खरा दोष उद्भवला तर? १९३८ साली अमेरिकेत केनेडी आणि हेवर्ड यांनी उत्तर दिले. या निरुपद्रवी प्रवाहात मूळ वारंवारितेच्या पटींतील लहरी, विशेषतः दुपटीची, ठळक असतात. त्या ओळखून रिलेने हात आवरावा.

यापुढची पायरी संगणकाची. जॉर्ज रॉकफेलर यांनी १९६९ मध्ये संगणकाने संरक्षण करण्याची कल्पना तपशिलाने मांडली, आणि १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील टेस्ला उपकेंद्रात एका वाहिनीवर तिचा प्रयोग झाला. १९८३ मध्ये ग्वाल्हेरला जन्मलेले अरुण फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांनी रोहित्रासाठी नवी रीत सुचविली: लहरी न मोजता गाभ्यातील चुंबकीय स्रोताचेच गणित करून निवाडा द्यावा. पुढच्याच वर्षी एडमंड श्वाइत्झर यांच्या कंपनीचा अंकीय रिले बाजारात आला.

या बदलाचे खरे मर्म कोठे आहे? पूर्वी दोन्ही बाजूंच्या प्रवाहांतील कलेचा फरक तारांची तारा-त्रिकोण जोडणी करून मिटवीत. चूक झाली तर ती डोळ्यांनी दिसे. आता तेच काम आकडेमोडीने होते. जोडणीचा गट सांगणारा एक अंक चुकीचा भरला, तर निर्दोष रोहित्र भार वाढताच बंद पडते आणि इस्पितळापासून पाणीपुरवठ्यापर्यंत सारे थांबते. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते.

म्हणून आम्ही म्हणतो, पहारेकऱ्याला शहाणपण आम्ही शिकविले खरे. पण त्याला काय शिकविले हे पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याची जबाबदारी आमची आहे, आणि ती कोणत्याही रिलेच्या पेटीत बंद करून ठेवता येणार नाही.