नांगर खपविणारी माणसे

द्राक्षबागांवर फवारायची औषधे खपविण्याची नोकरी मी विंचूरच्या परिसरात अकरा वर्षे केली. महिनाअखेर आली की ठरलेला आकडा डोळ्यांपुढे नाचे आणि घासही गोड लागत नसे. कमिशन हाती पडले की मात्र दिवाळी! त्या दिवसांत मला लक्ष्मणराव किर्लोस्कर फार आठवत.

त्यांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला खरा. पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. आमच्या साहेबांनी दोन महिनेही वाट पाहिली नसती! पुढे १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना गेला, तीच किर्लोस्करवाडी.

मौज तर पुढेच आहे. जाहिरातीचे काम पाहणारे त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली, ती गिऱ्हाइकांना मालाची माहिती पोचावी म्हणून. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री'ही निघाले. नांगर विकता विकता घरोघर मासिके गेली. हा नफा खतावणीच्या कोणत्या रकान्यात मांडायचा?

विंचूरच्या एका बागाईतदाराच्या विहिरीपाशी गंजलेला लोखंडी नांगर पडून होता. तीनदा नकार देऊन चौथ्या खेपेला त्यांनी मला चहा पाजला. नांगराकडे बोट दाखवून म्हणाले, "हा विकायला आलेल्या माणसालाही आमच्या आज्यानं आधी बांधावरूनच परत धाडला होता. बसा भाऊ. अर्धा लिटर ठेवून जा."