एक फोन, तीन गाड्या

तर मंडळी, झालं असं. गणपतीला आम्ही सगळे भाट्याला घरी जमलो होतो. अंगणात तीन गाड्या: माझी, धाकट्या भावाची आणि भाचीची. सामान आणायला, पाहुणे सोडायला मी तिन्ही चालवतो, म्हणून माझा फोन तिन्ही गाड्यांना जोडून ठेवलेला. मोठी सोय वाटायची!

भाट्याच्या पुलावरून बाजार करून परत आलो, गाडी बंद केली आणि पडवीत टेकलो. तिकडे भाचीने अण्णांना झरी विनायकाला नेण्यासाठी तिची गाडी सुरू केली. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. बटण दाबून कानाला लावला तर सगळं शांत. आवाज येत होता अंगणातून, चांगला खणखणीत. "रिपोर्ट आलेत. ऑपरेशन करावं लागेल. वडिलांना मात्र एवढ्यात सांगू नका."

अण्णा पुढच्याच सीटवर बसले होते.

रात्री झोप लागेना, म्हणून या ब्लूटूथचं मूळ शोधत बसलो. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड गावी एरिक्सन कंपनीत हे काम सुरू झालं. फोनला लटकणारी वायर घालवायची, एवढाच हेतू. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन गट स्थापला. नाव सुचवलं इंटेलच्या जिम कारडॅक यांनी, दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ राजावरून. राजाने डेन्मार्क आणि नॉर्वे जोडले, तसं हे यंत्रांना जोडणार! नाव तात्पुरतं होतं, ते कायमचं चिकटलं. ते निळं चिन्ह म्हणजे त्या राजाच्या नावाची जुन्या रून लिपीतली दोन आद्याक्षरं.

गंमत म्हणजे यात चोरून ऐकणाऱ्यांचा विचार केलेला आहे. मूळ ब्लूटूथचा संदेश ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत जातो. अशा उड्यांची कल्पना १९४२ च्या एका पेटंटमध्येही सापडते. ते होतं हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचं. पियानोच्या पट्ट्यांइतक्या ८८ वाटा त्यांनी योजल्या होत्या.

शिवाय पहिल्यांदा जोडताना फोन आणि गाडी आपापसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. पुढे गाडी सुरू झाली आणि फोन दहाएक मीटरच्या आत असला की विचारणं नाही, सांगणं नाही, थेट जोडणी. म्हणजे परका ऐकणार नाही याची सगळी तजवीज आहे. पण ओळख पटते ती गाडीची. गाडीत कोण बसलंय, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

आणि मला आमच्या लहानपणचा ट्रंककॉल आठवला. अख्ख्या वाडीत फोन एकच, दुकानात. मुंबईचा फोन आला की मुलगा धावत बोलवायला यायचा. बोलायचं ओरडून, त्यामुळे कोणाकडे काय झालं ते सगळ्यांना कळायचं. पण बातमी वाईट आहे असं दिसलं, की दुकानदार काका गिऱ्हाइकांना म्हणायचे, "जरा बाहेर व्हा रे." ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. पुढे फोन ज्याच्या त्याच्या खिशात आला आणि ते काका मधून गेले. तेव्हा एक फोन आणि अनेक घरं, आता एक फोन आणि अनेक गाड्या. फक्त "बाहेर व्हा" म्हणणारं कोणी नाही.

असो. आता मी भाचीच्या आणि भावाच्या गाडीतून माझं नाव काढलंय. नुसतं फोनमधून पुसून भागत नाही बरं का, गाडीतूनही पुसावं लागतं. नाहीतर तिने उतरवून घेतलेली आपली फोनची वही तिथेच राहू शकते. गाडी विकताना तर हे आवर्जून करा.

आणि अण्णा? ते तेव्हा गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून म्हणाले, "डॉक्टरांना सांग, मला कळलंय. आता दर्शन घेऊन येतो, मग तारीख ठरवू."

मीच उगाच आठवडाभर 'कसं सांगू' म्हणून कुढत होतो.